लिमोजचे मिन्याचे करंडक आणि टॉमस बेकेटचा वध

पवित्र पुरुषाचे देहावशेष जतन करून त्यांची पूजा करण्याचा प्रघात आमच्या वाचकांस नवा नाहीं. बौद्ध वाङ्मयांत शारीरिक, पारिभोगिक व उद्देशिक असे चैत्याचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सोपाऱ्याच्या स्तूपांत एका दगडी पेटीच्या पोटीं तांबें, रुपें, दगड, स्फटिक व सोनें यांचे एकांत एक ठेवलेले करंडक सांपडले, ही हकीकत पुराणवस्तूंच्या अभ्यासकांत सर्वश्रुत आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपांतहि अवशेषांची विभागणी पुष्कळशी अशीच होती : संताच्या अस्थि व रक्त, त्याचें वस्त्र वा उपकरण, आणि त्याच्या समाधीस नुसतें स्पर्शलेलें कापड. यांसाठीं घडविलेल्या करंडकांत फ्रान्समधील लिमोज नगराचे मिन्याचे करंडक विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांपैकीं एकाचें परीक्षण करून, अशा वस्तूची साक्ष इतिहासांत कितपत व कशाविषयीं मानावी, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या करंडकांचा घाट बहुधा दुपाखी छपराच्या लहानशा घरासारखा असतो. आंत लांकडी पेटी, व तीवर खिळ्यांनीं बसविलेले तांब्याचे पत्रे. पत्र्यावर आकृति आंखून जेथें रंग हवा तेथील तांबें कोरणीनें खोदून काढावयाचें, मधल्या धारा राखावयाच्या, खळग्यांत रंगीत कांचेची भुकटी भरावयाची, व पत्रा भट्टींत घालावयाचा. कांच वितळून खालीं बसली कीं खळगा पुन्हा थोडा रिता होतो. तेव्हां पुन्हा भरावें व पुन्हा भाजावें. शेवटीं घांसून सपाटी आणावी, आणि उघड्या राहिलेल्या तांब्यावर पाऱ्याच्या योगानें सोन्याचा मुलामा द्यावा. जयपुरी मीनाकारीची रीत मूलतः हीच होय. तेथें धातु सोनें, येथें तांबें, एवढाच मुख्य भेद. बायझंटाइन कारागीर खोदकामाऐवजीं सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या जोडून रंगाचीं घरें करीत. तें काम राजेरजवाड्यांस परवडावें. लिमोजचा माल तांब्याचा, म्हणूनच तो देशोदेशीं गेला.

आमच्या विचाराचा करंडक हल्लीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. तो सुमारें ११८० ते ११९० या काळांतला समजतात. लांबी साधारण ३४ सेंटिमीटर, उंची ३० सेंटिमीटरांच्या आंत. विषय कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट याचा वध. निळ्या मिन्याच्या भूमीवर सोनेरी आकृति आहेत. पुढील भिंतीवर टॉमस वेदीपाशीं उभा असून वेदीवरील चषकाकडे त्याचा हात गेला आहे, आणि मागून सशस्त्र सरदार चालून येत आहेत. वर छपरावर त्याचें दफन व त्याच्या आत्म्याचें स्वर्गारोहण. याच विषयाचे लिमोजचे सुमारें पन्नास करंडक आजमितीस ज्ञात आहेत.

आतां हें चित्र कागदाशीं ताडून पहावें. वध २९ डिसेंबर ११७० रोजीं झाला, व त्याचे समकालीन वृत्तांत एक नव्हे, अनेक आहेत. एडवर्ड ग्रिम हा तर जवळ उभा होता व टॉमसला वांचवितांना त्याच्या हातावर तरवारीचा वार बसला. या वृत्तांतांवरून निश्चित होतें तें असें : मारेकरी सरदार चार होते, वेळ सायंप्रार्थनेची होती, स्थळ मंदिराची उत्तरेकडील आडवी बाजू. टॉमस त्या वेळीं वेदीपुढें चषक घेऊन यज्ञविधि करीत नव्हता. करंडकावर सरदार तीनच आहेत. हें एक वेळ जागेच्या अडचणीमुळें झालें असें म्हणतां येईल. पण वेदी आणि चषक हे जागेच्या अडचणीनें येत नाहींत. ज्या विधींत ख्रिस्ताच्या बलिदानाचें स्मरण होतें, त्याच विधींत टॉमसला मारिलें असें दाखवून कारागिरानें, किंवा त्यास सांगणाऱ्या धर्माधिकाऱ्यानें, खुनाचें बलिदान करून टाकिलें आहे.

आमच्याकडील परिभाषेंत सांगावयाचें तर ग्रिमचा वृत्तांत अस्सल पत्राच्या योग्यतेचा, व करंडक ही बखर. पण बखर म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीं. टॉमसला संतपद ११७३ मध्येंच मिळालें, आणि वधानंतर अवघ्या दहा-वीस वर्षांत ही कथा अशी पक्की झाली होती, ही गोष्ट अस्सल पत्रें सांगत नाहींत, करंडक सांगतो. आणखी एक विशेष. लिमोज तेव्हां अॅक्विटेन प्रांतांत होतें, आणि त्या प्रांताचा अधिपति, पत्नीच्या नात्यानें, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्रीच होता. ज्याच्या रागाच्या शब्दांवरून सरदार निघाले, त्याच्याच मुलखांत त्याच्या वैऱ्याच्या पूजेचे करंडक पन्नासांनीं घडले! खुद्द हेन्रीनें ११७४ मध्यें कँटरबरीस जाऊन प्रायश्चित्त घेतलें होतें, हें येथें ध्यानांत ठेवावें.

संग्राहकांसाठीं दोन शब्द नकलांविषयीं. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या सामसों कारखान्यानें लिमोजच्या जुन्या कामाच्या हुबेहूब प्रति काढिल्या. डोळ्यांस फसविणारी अशी वस्तु कांचेच्या पृथक्करणांत सांपडते. बाराव्या शतकांतील थिओफिलस या ग्रंथकारानें मूर्तिपूजकांच्या जुन्या इमारतींतील कांचेचे चौकोनी तुकडे वितळवून मिना करण्याची चाल नोंदविली आहे. आणि त्या शतकांतील लिमोजच्या मिन्याची घटना खरोखरच रोमन कांचेशीं जुळते. तींत अपारदर्शकता अँटिमनीनें आलेली असते. तेराव्या शतकांत तिची जागा कथील घेतें. सोमल निघाला तर मात्र माल अर्वाचीन समजावा.

करंडक खरा ठरला तरी तो कोणाचा, हा प्रश्न उरतोच. पीटरबरो मठाचा अधिपति बेनेडिक्ट यानें ११७७ मध्यें कँटरबरीहून टॉमसच्या रक्ताच्या कुप्या व वस्त्र तिकडे नेलें. त्यांसाठींच हा करंडक केला, असा विद्वानांचा तर्क आहे. अठराव्या शतकांत तो विल्यम स्ट्यूकले या पुराणवस्तुसंग्राहकाकडे होता, व १९९६ मध्यें संग्रहालयानें घेतला. आंत कांहीं नाहीं.

अवशेषांबरोबर चर्मपत्राची नांवाची चिठी ठेवण्याची चाल या करंडकाहून कित्येक शतकें जुनी आहे. १९८३ मध्यें पॅरिसजवळील शेल येथें सातव्या-आठव्या शतकांतल्या अशा शंभराहून अधिक चिठ्या उजेडांत आल्या. बोटभर चामड्यावर संताचें नांव, बहुधा इतकेंच. पण त्या काळच्या लिपीच्या अभ्यासास त्यांचें मोल फार. आमच्याकडे पोथीचा रुमाल व शेवटचें पान फेंकून देऊन उरलेलें विकणारे दुकानदार आम्हीं पाहिले आहेत, म्हणून हें मुद्दाम लिहितों. लंडनच्या करंडकांत अशी एक चिठी उरली असती, तर पीटरबरोचा तर्क तर्क राहिला नसता.