तलावातले गवत: काढायचे कोणते, लावायचे कोणते

आरमोरीच्या आसपासच काय, गडचिरोली-चंद्रपुरात कुठेही, मामा (माजी मालगुजारी) तलाव स्वच्छ ठेवायचा म्हणजे त्यातले सगळे गवत उपटायचे, असा पक्का समज आहे. तो मासेमारीच्या मुळावर येतो. तलाव बुजवते ती बाहेरून आलेली बेशरम. हायड्रिला, सेरॅटोफायलम आणि व्हॅलिसनेरिया या पाण्याखालच्या वनस्पती मात्र इथल्याच आहेत. मरळीसारखे मासे पाणगवताच्या आडोशाने अंडी घालतात, पिल्लेही तिथेच लपतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव परिसरातील ढिवर मच्छीमारांनी मनीष राजनकर यांच्या ‘फीड’ संस्थेसोबत बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावल्या, त्या याच कारणासाठी.

दुसरा गैरसमज असा की, मुळासकट रोप नसेल तर लागवड जगत नाही. हायड्रिलाचा चार-सहा पेरांचा तुकडा उसाच्या बेण्यासारखा फुटतो. खालची एक-दोन पेरे चिखलात दाबली की तिथून मुळे सुटतात. सेरॅटोफायलमला तर मुळेच नसतात, त्याचा तुकडा तरंगतच वाढतो. पण यावरून ‘कुठलीही काडी लावा’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. व्हॅलिसनेरियाला उभे खोड नसते, म्हणून तिच्या पानांचे तुकडे लावून उपयोग नाही. आडव्या धावत्या फांदीवरचे रोप मुळासकट घ्यावे लागते. तुकडे वाटेत सुकू देऊ नयेत, आणि लावावेत ते उथळ काठाला. गढूळ, खोल पाण्यात तळापर्यंत उजेड पोहोचत नाही आणि लागवड कुजते. बेशरमही तुकड्यातूनच फुटते, म्हणून ती कापून ओल्या काठावर टाकली तर कष्ट वाया जातात.

अमेरिकेत हायड्रिला उपद्रवी ठरली, मग ती इथे का लावायची, हा आक्षेप रास्त आहे. तिथे ती 1950 च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून पोहोचली. ती तिथली नव्हे. इथेही ती फार दाटली तर रात्री पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि कालव्यात वाढली तर प्रवाह अडतो. त्यामुळे लागवड तलावातच, पट्ट्यापट्ट्यांनी करावी, मधले पाणी मोकळे ठेवावे आणि कालव्याच्या तोंडाशी लावू नये. गवत्या मासा हायड्रिला खाऊन फस्त करतो. म्हणून मच्छीमार संस्थांनी लागवड केलेल्या तलावात त्याचे बीज सोडू नये, आणि सफाईचे काम देताना काय काढायचे व काय ठेवायचे, हे आधी लेखी ठरवावे.