आधी नकाशा, मग यंत्र
पायी प्रवासासाठी जीपीएस यंत्र निवडताना

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वळसंग लागते. भोवताली काळ्या मातीचा सपाट मुलूख आहे. नजरेने खूण धरावी असा उंच डोंगर जवळपास नाही आणि एका वस्तीची गाडीवाट दुसऱ्या वस्तीच्या वाटेसारखीच दिसते. डांबरी रस्त्याने जाणारा येथे चुकत नाही. परंतु अवजड वाहनांची वर्दळ टाळून आडवाटेने मुनिसंघाचा विहार घडवायचा असेल, तर पुढे चालणाऱ्या कार्यकर्त्यांवर मोठी जबाबदारी येते. सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठायचाच असतो आणि वाहनाचा पर्याय नसतो. इतरांची तीन किलोमीटरची चूक घड्याळापुरती असते. येथे मात्र ती साऱ्या संघाच्या नियमाशी येऊन भिडते.

अशा कामासाठी आणि घरातील तरुणांच्या सह्याद्रीतील भटकंतीसाठी हातात धरण्याचे जीपीएस यंत्र घ्यावे का, असा प्रश्न अनेक कुटुंबांत निघतो. त्याचे उत्तर दुकानात शिरण्यापूर्वी घरी बसून शोधणे बरे.

यंत्राला काय कळते?

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत घेऊन यंत्र आपली जागा ठरवते. त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता मे २००० मध्ये काढून टाकली. तेव्हापासून मोकळ्या आकाशाखाली काही मीटरपर्यंतची अचूकता सर्वसामान्यांनाही मिळू लागली. खोल दरीत, दाट झाडीत किंवा कड्याच्या पायथ्याशी ती घटते. म्हणून जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास किंवा युरोपचे गॅलिलिओ यांचेही संकेत घेणारे यंत्र डोंगरात अधिक भरवशाचे ठरते. भारताची स्वतःची ‘नाविक’ प्रणालीही आहे. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला गेला. ती काही मोबाइल फोनमध्ये वापरता येते.

मात्र यंत्राला कळतो तो केवळ एक बिंदू. पुढे ओढा आहे की बांध, वाट आहे की कुंपण, हे नकाशाच सांगतो. नकाशा नसलेले यंत्र पुढच्या गावाचे अंतर सरळ रेषेत मोजून सहा किलोमीटर दाखवील. प्रत्यक्ष वाट वळसे घेत नऊ किलोमीटर भरेल. विहाराची वेळ या सहावर आखली, तर संध्याकाळी धावपळ ठरलेली.

नकाशा कोणता?

१७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आजही पायाभूत मानले जातात. त्यांत एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. ओढे, टेकड्या, विहिरी, गाडीवाटा त्यांत बारकाईने दाखवलेल्या असतात. नवे रस्ते मात्र सापडतीलच असे नाही. दुसरा पर्याय ओपनस्ट्रीटमॅपचा. जगभरच्या स्वयंसेवकांनी २००४ पासून घडवलेला हा नकाशा विनामूल्य आहे आणि अनेक यंत्रांत व फोनमध्ये उतरवून घेता येतो. शहरे आणि प्रसिद्ध किल्ले यांच्या परिसरात तो समृद्ध आहे. आडगावात विरळ असू शकतो. म्हणून आपण जाणार त्या भागाचा नकाशा आधी घरी उघडून पाहावा. आपल्याला ठाऊक असलेली पाच ठिकाणे त्यात मिळाली, तर तो पुढच्या प्रवासाला घ्यावा.

येथे दोन गोष्टींची दक्षता हवी. पहिली, जुन्या सरकारी नकाशांचा आधार ‘एव्हरेस्ट’ ही मोजणीपद्धत आहे, तर यंत्रे ‘डब्ल्यूजीएस ८४’ वापरतात. यंत्रात योग्य पर्याय निवडला नाही, तर आपल्या भागात जागा शंभर मीटरहून अधिक सरकते. दुसरी, अक्षांश-रेखांश लिहिण्याची रीत. १७.६० अंश म्हणजे १७ अंश ३६ मिनिटे. कोणी ते १७ अंश ६० मिनिटे, म्हणजे १८ अंश, असे भरले, तर मुक्काम ४४ किलोमीटर उत्तरेला जातो. निरोप देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकच रीत ठरवावी.

यंत्राची पारख

उदाहरणादाखल गार्मिन कंपनीची ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स ही यंत्रे पाहावीत. दोन्हींत नकाशा भरता येतो, दोन्ही दोन साध्या पेन्सिल सेलवर चालतात आणि कंपनीच्या मते सुमारे २५ तास टिकतात. ३२एक्समध्ये हवेच्या दाबावरून उंची सांगणारे साधन आणि उभ्या जागी दिशा दाखवणारे होकायंत्र अधिक आहे. सपाट मुलखातील पायी प्रवासाला त्यांची निकड नाही. धुक्यात गड चढणाऱ्याला आहे. पेन्सिल सेल खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतात, हा लांबच्या प्रवासातला मोठा आधार. बटणांचे यंत्र ओल्या हातांनीही चालते. पडदा दुकानाच्या दिव्याखाली न पाहता बाहेर उन्हात पाहावा. भारताचा तपशीलवार नकाशा आत आहे की वेगळा भरावा लागेल, हे बिल होण्यापूर्वी विचारावे.

प्रत्येकाला यंत्र हवेच असेही नाही. सम्मेदशिखरजीची वंदना सुमारे २७ किलोमीटरची असली, तरी वाट असंख्य यात्रेकरूंनी मळलेली आहे. मांगीतुंगीला पायऱ्या आहेत. तेथे पाण्याची बाटली आणि विजेरी अधिक उपयोगाची. एका दिवसाच्या चालीला ऑफलाइन नकाशा उतरवलेला फोन आणि जोडीला पॉवर बँक पुरते. अनेक दिवसांचा प्रवास, पाऊस, वीज नसलेले मुक्काम किंवा निर्जन डोंगर असेल, तेव्हाच वेगळ्या यंत्राचा खर्च सार्थकी लागतो.

कायद्याची मर्यादा

उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे वेगळी. गार्मिनची इनरीच मालिका त्यांपैकी. भारतात सॅटेलाइट फोन आणि अशी संदेशयंत्रे शासनाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळांवर परदेशी प्रवाशांवर कारवाई झाल्याची उदाहरणे आहेत. परदेशस्थ नातेवाइकांकडून यंत्र मागवताना ही गोष्ट आवर्जून कळवावी. केवळ संकेत घेणारे साधे जीपीएस यंत्र या वर्गात मोडत नाही.

सराव घराजवळ

घेतलेले यंत्र थेट दूरच्या प्रवासात उघडू नये. वळसंगसारखा सपाट परिसर सरावाला उत्तम. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या भेटीने ओळखली जाणारी विहीर, बसथांबा, शाळा अशा खुणा यंत्रात नोंदवाव्यात. मग शिवारातून फेरी मारून, केवळ यंत्राच्या आधारे त्याच मागाने परत यावे. वाटेतले पाणी, सावली, थांबण्याजोगी शाळा किंवा धर्मशाळा यांची नोंद करत गेल्यास पुढच्या संघासाठी तो माग हीच शिदोरी होते. तो दुसऱ्या गावच्या कार्यकर्त्यांना पाठवता येतो.

तरीही कागदावरचा एक नकाशा पिशवीत असावा आणि वाटेत भेटलेल्या शेतकऱ्याला रस्ता विचारावा. कालच्या पावसाने कोणता ओढा भरला, हे उपग्रहाला ठाऊक नसते, त्याला असते.