मेल्या लाकडावरील शेंदरी अळंबी

पावसाळ्यात तोडलेल्या ओंडक्यांवर, कुंपणाच्या खांबांवर आणि वाळक्या फांद्यांवर शेंदरी रंगाच्या लहान फळ्या उगवलेल्या दिसतात. ही एक अळंबीच होय. वनस्पतिशास्त्रात ती दीर्घकाळ ‘पिक्नोपोरस’ या नावाने ओळखली गेली. आता तिची गणना ‘ट्रॅमेटिस’मध्येही केली जाते.

ती अर्धवर्तुळाकार, चामड्यासारखी चिवट आणि जेमतेम काही मिलिमीटर जाड असते. निर्णायक खूण मात्र खालच्या बाजूस आहे. तेथे छत्रीच्या अळंबीसारखे पडदे नसून सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे असतात. उन्हापावसात वरचा रंग विटतो, म्हणून जुनी अळंबी उलटून पाहावी.

लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन ती कुजविते. ओंडक्यावर त्याची चिंता नको. परंतु छपराच्या वाशावर ती दिसल्यास वासा आतून कमकुवत झाला आहे असे समजावे. नुसती खरवडून उपयोग नाही, तंतुजाल आतच राहते.

खरी गल्लत होते ती गॅनोडर्माशी. ती गुलमोहरासारख्या उभ्या, जिवंत झाडाच्या बुंध्याशी येते. तिचा वरचा भाग लाखेचा लेप दिल्यासारखा तांबूस-तपकिरी चकाकतो, वाढता काठ पांढरा असतो आणि भोवती तपकिरी भुकटी सांडते. मुळे कुजत असतानाही वर पालवी हिरवी राहू शकते, आणि असे झाड वादळात अकस्मात उन्मळते. शाळेच्या आवारात ही खूण आढळल्यास मुलांना त्या सावलीत बसवू नये व झाडाची जाणकाराकडून तपासणी करवून घ्यावी. शेंदरी अळंबी वाळक्या फांदीवरच असेल, तर बहुधा तेवढी फांदी उतरविणे पुरते.