अंदाजाला तराजूचा मान नको

मालगाडी समोरून धडधडत गेली, तरी तिच्या वाघिणींत नेमका किती भार आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. खाणीवर कोळसा भरला जातो तो बव्हंशी अदमासाने, आणि पावसात भिजलेला कोळसा त्याच उंचीच्या भरणीतही अधिक वजन धरतो. चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्याला हा अनुभव नवा नाही. २०२३-२४ या एका वर्षात भारतीय रेल्वेने दीडशे कोटी टनांहून अधिक माल वाहिला. तेव्हा अदमासातील लहानशी चूकही लहान राहत नाही.

चार आसांच्या 'बॉक्सएन' वाघिणीची मूळ मर्यादा दर आसास २०.३२ टन, म्हणजे एकूण ८१.२८ टन होती. २००५ नंतर निवडक मार्गांवर ती वाढविण्यात आली, आणि मालवाहतुकीसाठी बांधलेल्या स्वतंत्र मार्गांवर २५ टनांची योजना आहे. मर्यादा वाढली की चुकीला उरणारी जागा आकुंचित होते. अतिभाराने रुळांत सूक्ष्म तडे वाढतात, स्प्रिंगा खचतात आणि अपघाताचे भय बळावते.

चालत्या गाडीचे वजन करणारे काटे आहेत, परंतु त्यांवरून गाडी ताशी १५ किलोमीटरच्या आसपास रखडत न्यावी लागते. नवे तंत्र ही अडचण दूर करू पाहते. चाक जाताना रूळ किंचित वाकतो, आणि रुळाला चिकटविलेले संवेदक तो ताण टिपतात. मात्र गाडीचा वेग, चाकाचा झिजलेला भाग व रुळाखालील खडीची स्थिती यांमुळे ही नोंद विस्कळित होते. म्हणून काट्यावर तोललेल्या असंख्य वाघिणींच्या नोंदी संगणकाला पुरवितात. त्यांवरून तो ताण आणि भार यांचे नाते स्वतःच शिकतो, आणि पुढे भरधाव गाडीचाही भार सांगू लागतो.

या तंत्राचे स्वागतच केले पाहिजे. पण पहारेकरी म्हणून, न्यायाधीश म्हणून नव्हे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ७३ व्या कलमानुसार अतिभाराबद्दल दंडात्मक आकार वसूल करता येतो. असा आकार केवळ संगणकाच्या अनुमानावर बसविला, तर व्यापाऱ्याने दाद मागायची ती कशाच्या आधारे? प्रमाणित काट्याची तपासणी करता येते. अनुमानाची कारणे मात्र पुष्कळदा ते करणाऱ्या यंत्रालाही सांगता येत नाहीत. शिवाय ज्या जातीचा माल वा वाघीण शिकवणीच्या नोंदींत नव्हती, तिच्याबाबत यंत्र ठाम स्वरात चुकू शकते.

तेव्हा संशयित वाघीण यंत्राने हेरावी, निकाल काट्याने द्यावा आणि त्या निकालाची नोंद पुन्हा यंत्राच्या शिकवणीत घालावी, हाच मार्ग शहाणपणाचा होय. यंत्र आले म्हणून काटे मोडीत काढण्याचा मोह कोणालाही होईल. पण ज्याच्यापासून शिकायचे तो गुरूच नाहीसा केल्यावर शिष्याची परीक्षा घेणार कोण?