गॅलरीतील टोमॅटो

भाईंदर पूर्वेचा जेसल पार्क हा भाग वसईच्या खाडीला लागून आहे. भाईंदरची ओळख एके काळी मिठागरांवरून होत असे. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली. दरम्यान खाडीकाठी इमारतींची दाट वस्ती उभी राहिली. येथील बहुतेक कुटुंबांना परसबाग नाही; मोकळी जागा म्हणजे गॅलरी किंवा खिडकीची जाळी. एवढ्या जागेतही छोट्या फळांचे, बुटके टोमॅटो बियांपासून घेता येतात. मात्र त्यासाठी जागेआधी वाण, ऋतू, ऊन आणि माती यांचा विचार करावा लागतो.

वाण व हंगाम

टोमॅटोचे काही वाण सतत उंच वाढतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा चेरी टोमॅटो-१’ हा असाच वाण असून तो हरितगृहासाठी आहे. गॅलरीसाठी झुडपासारखी मर्यादित वाढ असलेला वाण हवा. बियांच्या पाकिटावर ‘डिटर्मिनेट’ किंवा ‘ड्वार्फ’ असा उल्लेख पाहून निवड करावी.

फळधारणेस रात्रीचे १५ ते २० अंश तापमान मानवते. दिवसाचे तापमान ३५ अंशांवर गेल्यास फुले गळतात. म्हणून कोकण किनाऱ्यावर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पेरणी करणे इष्ट. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दक्षिणाभिमुख गॅलरी सर्वांत सोयीची. रोज सहा तास ऊन मिळत नसल्यास पालेभाजी लावणे श्रेयस्कर.

माती व लागवड

खाडीकाठच्या मातीत क्षार असण्याचा संभव असतो. ती कुंडीत भरू नये. नारळाच्या भुशातही क्षार असतात, म्हणून तो दोन-तीनदा धुऊनच वापरावा. दोन भाग चांगली माती, एक भाग कुजलेले खत आणि एक भाग भुसा हे मिश्रण पुरेसे होते.

बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. आठवडाभरात ते उगवते. चार-पाच आठवड्यांनी, रोपास चार-पाच पाने आल्यावर, तळाला छिद्रे असलेल्या आठ-दहा लिटरच्या कुंडीत एकेक रोप लावावे. ओली कुंडी जड होते; ती कठड्यावर न ठेवता आत ठेवावी व खाली थाळी द्यावी.

निगा

पाणी नियमित द्यावे. माती फार सुकल्यावर एकदम भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात. टोमॅटोचे फूल स्वपरागित असते. बंदिस्त गॅलरीत वारा नसल्यास फुलोरा हलकेच हलवावा. बुटक्या झाडाच्या बगलफुटी खुडू नयेत, कारण फळे त्यांवरच धरतात. पांढरी माशी पर्णगुच्छ रोगाचा प्रसार करते; तिच्यासाठी पिवळे चिकट सापळे लावावेत व रोगट झाड उपटून टाकावे.

लाभ कोणता?

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचा भाव किलोला शंभर रुपयांवर गेला होता. अशी टंचाई बहुधा पावसाळ्यात येते, तर गॅलरीतील फळ हिवाळ्यात मिळते. तेव्हा चार कुंड्यांनी बाजारखर्च टळेल, ही अपेक्षा ठेवू नये. खरा लाभ निराळा आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ पासून ओला कचरा वेगळा करणे प्रत्येक घरावर बंधनकारक झाले. त्याच कचऱ्याचे खत या कुंड्यांत जिरते. शाळेच्या व्हरांड्यात लावलेल्या रोपांवर तर बी, फूल आणि फळ यांचा पाठ मुलांना एकाच सत्रात प्रत्यक्ष पाहता येतो.