पुढची कातडी मागे जात नाही तेव्हा

हप्त्यांचा हिशोब होतो, सतरंजी गुंडाळली जाते आणि एखादी बाई मागे रेंगाळते. हळूच विचारते, "ताई, पोराच्या लघवीच्या जागेची कातडी मागे सरत नाही, काय करू?" कधी हा प्रश्न पोराचा असतो, कधी नवऱ्याचा. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

आधी पोराचं. जन्मलेल्या बाळाची ही कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. शंभरातल्या चारेक बाळांचीच मागे जाते. पुढे ती आपोआप सुटते. डेन्मार्कमध्ये याकोब ऑस्टर या डॉक्टरांनी शाळकरी मुलांना वर्षानुवर्षं तपासून १९६८ साली लिहून ठेवलं, की सहा-सात वर्षांच्या शंभर मुलांत आठेकांची कातडी घट्ट होती आणि सोळा-सतराव्या वर्षी शंभरात एकाचीच. तेव्हा लहान पोराची कातडी मागे जात नाही म्हणजे आजार नव्हे.

आपल्याकडे चूक होते ती न्हाऊ घालताना. तेल लावून रोज थोडी थोडी मागे ओढायची, असं कुणीतरी सांगतं. ओढल्यावर बारीक चिरा पडतात, चिरा भरताना व्रण धरतो आणि व्रणाची कातडी ताणत नाही. म्हणजे जी पुढे सुटलीच असती, ती आपणच घट्ट करून ठेवतो. वरून पाण्याने धुवा, बास. लघवी करताना टोक थोडं फुगतं, पण पोरगं रडत नाही, धार नीट आहे, तर काळजी नको. जोर करावा लागतो, धार बारीक झालीय, टोक लाल होऊन पू येतो, ताप येतो, तर मात्र दवाखाना. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांनाही दाखवता येतं.

आता मोठ्या माणसाचं. काहींची कातडी वयात आल्यावरही सुटत नाही. संबंधाच्या वेळी दुखतं, चिरते, रक्त येतं. तो कुणाला सांगत नाही, नुसता टाळायला लागतो. बायकोला वाटतं, याचं मन उडालं, नाहीतर बाहेर काही आहे. मूल राहिलं नाही की बोट तिच्याकडेच! खरं म्हणजे घट्ट कातडीमुळे पुरुषाचं बीज कमी होत नाही. पण दुखण्यापायी संबंधच नीट होत नसेल, तर दिवस कसे जाणार? निरोध चढवायलाही त्रास होतो. आत साचलेला पांढरा मळ धुता आला नाही, की सूज आणि जंतुसंसर्ग होतो. तुम्हाला अंगावरून जाऊन खाज सुटत असेल, तर डॉक्टरांना दोघांचंही सांगा, नाहीतर एकाचं बरं होतं आणि दुसऱ्याकडून परत येतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आयुष्यभर सैल असलेली कातडी चाळीशी-पन्नाशीत घट्ट व्हायला लागली, तिला चिरा पडू लागल्या, तर रक्तातली साखर तपासा. मधुमेह असा पहिल्यांदा कळलेली माणसं कमी नाहीत. कातडीवर पांढरा, कडक पट्टा दिसला तर तो वेगळा त्वचारोग असू शकतो. गाठ, न भरणारी जखम, घाण वासाचा किंवा रक्ताचा स्राव असेल, तर लवकर दाखवा. कर्करोग नाही ना, हे बघावं लागतं.

उपचार म्हटलं की पुरुष लगेच ऑपरेशनला घाबरतात. पुष्कळदा ते लागत नाही. डॉक्टर स्टेरॉइडचं मलम देतात, साधारण चार ते आठ आठवडे दिवसातून दोनदा, आणि कोमट पाण्यात दुखणार नाही इतपतच हलके ताणायला सांगतात. मेडिकलमधून खाजेचं मलम मनाने आणू नका. मलमाने भागलं नाही तर सुंता, म्हणजे ती कातडी काढणं. तिने पुरुषत्व जात नाही. जखम भरेपर्यंत चार ते सहा आठवडे संबंध ठेवायचा नाही, एवढं पाळावं लागतं.

कधी कातडी मागे जाते आणि तिथेच अडकते. ती पुढे येत नाही, बोंड सुजून निळसर होतं. मुठीत धरून काही मिनिटं हळू दाबल्यावर सूज उतरून ती पुढे आली तर ठीक, नाहीतर रात्र असली तरी १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

आणि नवरा "त्या" कारणासाठी यायला तयार नसेल, तर साखर-बीपी तपासायला म्हणून उपकेंद्रात न्या. तिशीनंतर ती तपासणी तिथे फुकट होते. डॉक्टरांची गाठ पडली, की त्याला एकट्याला आत जाऊ द्या आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा. बाईसमोर जे बोलवत नाही, ते तो आत बोलेल.