ओझोनचा जमाखर्च

भूपृष्ठापासून सुमारें १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरील हवेंत ओझोन नांवाचा वायु विरळपणें पसरलेला आहे. तो सर्व गोळा करून जमिनीवरील हवेच्या दाबाखालीं आणला, तर त्याचा थर अवघा ३ मिलिमीटरच्या आसपास भरेल. तरीहि सूर्याच्या जंबुपार अथवा अतिनील किरणांपैकीं अत्यंत घातक किरण हाच वायु अडवून धरतो. म्हणून त्याचें प्रमाण कशावर अवलंबून आहे, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे.

घरांतील शिल्लक जशी आवक व जावक या दोहोंवर ठरते, तसेंच येथेंहि आहे. सिड्नी चॅपमन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९३० सालीं हा हिशेब मांडला. प्राणवायूच्या रेणूंत दोन अणु असतात. जंबुपार किरणांनीं तो रेणु फुटतो; सुटलेला अणु दुसऱ्या रेणूस चिकटला कीं तीन अणूंचा ओझोन बनतो. ही झाली जमा. ओझोनची सुट्या अणूशीं गांठ पडली, म्हणजे प्राणवायूचे दोन रेणु होतात. हा झाला खर्च. उन्हानेंहि ओझोन फुटतो. पण त्यांतून सुटलेला अणु बहुधा पुन्हा ओझोनच बनवितो. ती हातउसनी रक्कम समजावी.

परंतु मोजमापाशीं ताडून पाहतां कागदावरील शिल्लक प्रत्यक्षाहून बरीच अधिक निघाली. अर्थात् कांहीं खर्च वहींत नोंदलेलाच नव्हता. पॉल क्रुट्झेन यांनीं १९७० सालीं नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडे बोट दाखविलें. १९७४ सालीं मोलिना व रोलंड यांनीं शीतकपाटांतील क्लोरोफ्लुरोकार्बनमधून सुटणाऱ्या क्लोरीनचा धोका सांगितला. हे पदार्थ ओझोन मोडतात, पण स्वतः शिल्लक राहतात. क्लोरीनचा एकच अणु हजारों रेणूंचा नाश करतो. या तिघांस १९९५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

शिवाय वाऱ्याचा हिशेब वेगळाच. ओझोन मुख्यतः विषुववृत्ताकडील प्रखर उन्हांत बनतो, आणि संथ प्रवाह त्यास ध्रुवांकडे नेतात. म्हणून आजच्या गणिती प्रतिकृतींत वातावरणाचे असंख्य कप्पे कल्पून प्रत्येकाचा स्वतंत्र जमाखर्च ठेवितात. तरीहि १९८५ सालीं दक्षिण ध्रुवाकडे वसंत ऋतूंत ओझोनची मोठी तूट उघडकीस आली, ती कोणत्याहि प्रतिकृतीनें आधीं वर्तविली नव्हती. तेथील अतिशीत ढगांच्या कणांवर निष्क्रिय क्लोरीन पुन्हा कार्यक्षम होतो, हें नंतर कळलें. मोजमापाविना गणित आंधळें, हाच यांतील धडा.

१९८७ च्या माँट्रियल करारानें राष्ट्रांनीं हे घातक वायु आवरले. २०२२ च्या शास्त्रीय अहवालाप्रमाणें दक्षिण ध्रुवावरील तूट सुमारें २०६६ पर्यंत भरून येईल. हिशेब नीट मांडला म्हणजे उधळपट्टी कळते. ती थांबविणें मात्र मनुष्याच्याच हातीं असतें.